हिवाळ्यात शांतपणे पक्षी-प्राणी बघायला कुठे जाऊ? (एकटीच जाणार आहे, लांब पोस्ट)

मोगरा_पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ऑगस्टमध्ये गेली. तीन वर्षं अंथरुणावर होती, अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू पूर्ण गेलेली. मी एकुलती एक, त्यामुळे ती आणि बाबा आमच्याकडेच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची. रात्री अकरा, एक, तीन, पाच असे मोबाईलवर गजर लावलेले असायचे. आता गजर काढून टाकलेत पण जाग येतेच, एकला येते, तीनला येते, उठून बसते, पाय खाली सोडते आणि मग आठवतं की आता कुणाला वळवायचं नाहीये.

तपासण्या सगळ्या करून झाल्या, रिपोर्ट नॉर्मल. ऑफिस चालू आहे, डबे चालू आहेत, मुलाची बारावी चालू आहे. पण कशातच जीव नाही. नवरा म्हणतो गोव्याला जाऊ, मावशी म्हणते गाणगापूरला चल, दोघांचं प्रेम कळतं मला पण दोन्हीकडे माणसंच माणसं, आणि प्रत्येकजण विचारणार "आता बरं वाटतंय ना?"

मागच्या आठवड्यात गच्चीवर कपडे काढायला गेले होते, टाकीच्या गळतीचं पाणी साचलं होतं तिथे एक छोटा पक्षी तुरुतुरु धावत होता. पाठ राखाडी, पोट पिवळसर, लांब शेपूट सारखी वरखाली. पाण्यावरचे किडे टिपत होता. मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले, खाली आले तेव्हा नवरा म्हणाला कुठे होतीस वीस मिनिटं. मला दोन मिनिटं वाटली होती. त्या वीस मिनिटांत मी कुठल्याही आवाजाकडे कान लावून नव्हते, तीन वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

तर ते अजून हवंय मला. डिसेंबरात दोन रात्री काढू शकते. जीपची रांग, आरडाओरडा, वाघ दिसला का वाघ दिसला का असलं नको. पुण्याहून झेपेल असं अंतर. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. एकट्या बाईने जाण्यासारखी जागा हवी. कुणी सांगेल का?

कदंब_७२

ताई, आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तीन वर्षं दर दोन तासांनी उठणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

तुमचा गच्चीवरचा पाहुणा म्हणजे करडा धोबी असणार. शेपूट वरखाली आणि पोटाला पिवळं म्हणजे तोच. हिमालयातून दर हिवाळ्याला खाली येतो आणि मार्च-एप्रिलकडे परत जातो. ते पाणी तसंच राहू द्या, रोज येईल बघा, आणि पुष्कळदा पुढच्या वर्षीही हे पक्षी त्याच जागी येतात.

जागा म्हणाल तर मी भिगवणवाला आहे, वीस वर्षं जातोय. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण १०० किमी, उजनी धरणाचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं, काठची गावं पाण्याखाली गेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. गावं उठली त्यांचं दुःख वेगळं आणि मोठं आहे, पण त्या उथळ काठावर आता हिवाळ्यात जे पक्षी उतरतात ते बघून माणूस गप्प होतो. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन बाजूंनी जातात लोक. तिथलेच मासेमार नावेतून नेतात, बऱ्याच घरांत राहायची सोय आहे, चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते.

आता एक गोष्ट नीट सांगतो कारण यात पुष्कळांची निराशा होते. सगळे फ्लेमिंगोसाठी जातात, म्हणजे आपले रोहित. पण पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात धरण काठोकाठ असतं. रोहितला लागतं उथळ पाणी आणि चिखल, तो मान खाली घालून चोच उलटी बुडवतो आणि गाळ गाळून बारीक जीव खातो, खोल पाण्यात त्याचं काम नाही. पाणी ओसरून चिखलाची पट्टी उघडी पडली की मग ते जमतात, म्हणजे जानेवारी अखेर ते मार्च. डिसेंबरात गेलात तर बदकं, शेकाटे, चित्रबलाक, कुरव भरपूर, पण रोहितची खात्री नाही.

दुसरं म्हणजे शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका. गेल्या वर्षी एका नावाड्याने फोटोवाल्यांच्या आग्रहाखातर नाव सरळ रोहितच्या थव्यात घातली, सगळा थवा उठला, आमच्या नावेतली लहान मुलगी रडायला लागली, "त्यांना जेवू द्या ना" म्हणून. मला अजून ते ऐकू येतं. त्यामुळे नावाड्याला आधीच सांगा की लांबच थांबव, इंजिन बंद कर, मला उडताना नाही, बसलेले बघायचेत. चांगले नावाडी खूष होतात हे ऐकून, त्यांना स्वतःलाही तेच आवडतं.

रानवाट

मी तर म्हणेन सरळ ताडोबा करा. वाघ एकदा डोळ्यात डोळे घालून बघतो ना तेव्हा सगळं विसरायला होतं, माझा अनुभव आहे, घटस्फोटानंतर गेलो होतो.

कदंब_७२

रानवाट, तुमचा अनुभव खराच असणार, पण ताईंना रांग आणि धावपळ नको आहे. सफारीत गेट, वेळ, बुकिंग, गाडीतली बाकीची माणसं, सगळं आपल्याला पळवतं. आत्ता त्यांना पळवणारं काही नको. शिवाय पुण्याहून चंद्रपूर म्हणजे एक रात्र जायला आणि एक यायला.

निफाडकर

ताई राम राम. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षाची बाग आहे, आणि माझ्या घरापासून नांदूरमधमेश्वर अभयारण्य मोटारसायकलवर २० मिनिटं. तुम्ही लिहिलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मला काय असं छान लिहिता येत नाही.

गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांचा संगम आहे, त्यावर इंग्रजांच्या काळातला बंधारा. मागं गाळ साचत साचत उथळ पाणी झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पक्ष्यांना तेच पाहिजे. १९८६ ला अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आल्याचं जाहीर झालं, राज्यातली पहिली जागा. लोक महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आम्हाला लहानपणी एवढं माहीत नव्हतं, आम्ही म्हशी घेऊन जायचो तिथं.

पुण्याहून नाशिकची एसटी पकडा, सिन्नरला उतरा, तिथून गाडी करून चापडगाव. तिथं गेट आहे, बघायला मनोरे आहेत. गावातलीच पोरं गाइड म्हणून येतात, त्यांच्याकडं दुर्बीण असते, काहींकडं स्टँडवाली मोठी पण असते. तुम्हाला काही विकत घ्यायची गरज नाही. नाव नाही, गाडी नाही, पायी चालायचं आणि बसायचं. मंगळवार-बुधवारी या, तुम्ही आणि पाणी.

थंडी मात्र चेष्टेवारी नेऊ नका. निफाडची थंडी बातम्यांत ऐकली असेल, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात. कानटोपी, मोजे, जाड शाल आणाच.

आणि एक गोष्ट, घाबरवायला नाही सांगत. उसात बिबट्या आहे आमच्याकडं. म्हणून अंधारात एकटं चालायचं नाही, उजाडल्यावरच गाइड बरोबर निघायचं, उसाच्या कडेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं. आम्ही रोज तसंच करतो, पाणी धरायला जाताना मोबाईलवर भजन लावतो. एवढं पाळलं तर काही भीती नाही. राहायला माझ्या ओळखीचं घर आहे, नवरा-बायको आणि म्हातारे वडील, मेसेज करतो तुम्हाला.

खाडीकाठ

मोगराताई, मी ठाण्याची. माझ्या मिस्टरांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं त्यामुळे मुक्कामाला कुठे जाता येत नाही. ज्यांना माझ्यासारखं अडकलेपण आहे त्यांच्यासाठी लिहिते, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे तिथून बोट सुटते, भरती-ओहोटीवर वेळ ठरते म्हणून आधी विचारून जावं लागतं. मी बोटीतही बसत नाही दर वेळी. डायलिसिसचे चार तास असतात, त्यातले दोन मी खाडीच्या बाजूला जाऊन बसते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि शेकडो लहान पाय त्यावर चालायला लागतात. परत जाते तेव्हा मिस्टर विचारतात आज काय होतं, आणि मग आमच्याकडे रिपोर्ट सोडून बोलायला काहीतरी असतं.

तुम्ही जाऊन या. आणि आल्यावर लिहा.

मोगरा_पुणे

सगळ्यांचे आभार, किती आपुलकीने लिहिलंत. खाडीकाठ ताई, तुमचं वाचून खूप रडले आणि बरं वाटलं. नांदूरमधमेश्वर नक्की केलंय, निफाडकर दादांच्या ओळखीच्या घरी राहणार. एकच प्रश्न, मला नावं येत नाहीत तर गाइडला त्रास होईल का?

निफाडकर

अहो नावं त्याला येतात की. तुम्ही फक्त बसा.

मोगरा_पुणे

(तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा)

जाऊन आले. दोन रात्री. कुठून सुरू करू कळत नाहीये.

पहिल्या रात्री तीनला जाग आलीच. बाहेर टिटवी ओरडत होती, खोलीत काळोख, पांघरुणाबाहेर नाक काढलं तरी गार पडत होतं. पडून राहिले. पाचला घरातल्या काकू चुलीपाशी उठल्या तशी मी पण जाऊन बसले. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, आई किती दिवस पडून होती. म्हटलं तीन वर्षं. त्या म्हणाल्या माझी सासू सात. आणि पेला परत भरला. बास, एवढंच बोलणं. चार महिन्यांत इतकं नेमकं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

उजाडल्यावर गाइड आला, विशी-बाविशीतला मुलगा, कृषी डिप्लोमा करतोय. उसाच्या कडेने जाताना तो मोठमोठ्याने कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता, मी पण मोठ्याने "हो का! हो का!" करत होते. पाण्याजवळ आलो तसा तो एकदम गप्प झाला. मनोऱ्यावर न जाता खाली झाडाखाली बसू म्हणाला, सतरंजी टाकली, मी आईची जाड शाल डोक्यावरून घेतली.

सुरुवातीला काहीच नव्हतं. म्हणजे आम्ही आलो म्हणून जवळचं सगळं निघून गेलं होतं, फक्त धुकं आणि लांब काळे ठिपके. मला वाटलं माझ्यामुळेच गेले, उगाच आले. त्याने हाताने खूण केली, थांबा. किती वेळ गेला माहीत नाही, मग समोरच्या गवतात काहीतरी हललं आणि एक जांभळा-निळा पक्षी बाहेर आला, कोंबडीएवढा, लाल चोच, कपाळावर लाल टिळा, आणि पाय इतके लांब की बोटं कुठे ठेवायची हा त्यालाच प्रश्न. जांभळी पाणकोंबडी. आमच्यापासून इथून किचनपर्यंत असेल एवढ्या अंतरावर. तिने एक देठ उपटला, तो एका पायाच्या बोटांत धरला, अगदी आपण ऊस धरतो तसा, आणि चोचीने वरचं साल सोलून सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. उरलेलं टाकलं, दुसरा घेतला. पाच देठ मोजले मी. तिला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं आणि मला त्याचा इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझ्यावर कुणाचं काही अवलंबून नव्हतं, बघा ना, मी हलले नाही एवढंच तिला हवं होतं.

मग एकदा पाण्यावर गलका झाला. काळी, पांढऱ्या चोचीची बदकासारखी दिसणारी शेकडो होती, गाइड म्हणाला त्यांना वारकरी म्हणतात (मला हे नाव फार आवडलं). वरून एक तपकिरी शिकारी पक्षी संथ घिरट्या घालत आला, भोवत्या, तसे ते विखुरलेले वारकरी एकमेकांना चिकटून एक काळा गोळा झाले आणि पाणी उडवायला लागले. भोवत्या दोनदा खाली झुकला, काही जमलं नाही, पुढे गेला. आणि पाच मिनिटांत परत सगळे आपापले पांगून चरायला लागले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, इतक्या लगेच? माझ्या छातीत अजून धडधडत होतं.

आता मुख्य सांगते. साडेआठच्या सुमाराला धुकं उचललं आणि मागच्या शेतांकडून आवाज आला, आंग आंग असा, घोगरा, खूप जणांचा मिळून. गाइड म्हणाला आले, कदंब आले. पांढरट राखाडी हंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे, साठ-सत्तर तरी होते. हे म्हणे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, त्यांचं रक्तच वेगळं, विरळ हवेतसुद्धा प्राणवायू धरून ठेवतं. रात्रभर शेतात हरभरा-गहू खातात आणि दिवसा पाण्याजवळ येऊन झोपतात (गाइडचे वडील त्यांच्यावर चिडतात हेही त्याने सांगितलं, हरभरा त्यांचाच असतो ना). बेटावर उतरले, थोडं पाणी प्यायले, पंख साफ केले आणि एकेक करत मान मागे वळवून पंखात खुपसली. सगळे झोपले. फक्त कडेच्या दोघा-तिघांच्या माना सरळ उभ्या.

मी दुर्बीण त्या एकावर धरली. तो डावीकडे बघे, उजवीकडे बघे. बराच वेळ. मग आतल्या बाजूचा एक उठला, अंग झटकलं, दोन पावलं टाकली, मान उंच केली. आणि थोड्या वेळाने माझ्यावाल्याने मान वळवून पंखात घातली. गाइडला विचारलं हे असं नेहमी होतं का. म्हणाला, हो मॅडम, पाळीपाळीने जागतात, एकटा कोण किती जागणार.

त्याने सहज म्हटलं ते. मी दुर्बीण खाली ठेवली. माझ्या तीन वर्षांत पाळी बदलायला कुणी नव्हतं असं नाही, आता विचार करते तर नवरा दर आठवड्याला म्हणायचा तीनचा गजर माझ्या मोबाईलवर लाव, मीच लावू दिला नाही. त्याला आईला वळवता येणार नाही, ती अवघडेल, असं मला वाटायचं.

ऊन अंगावर आलं होतं, शाल उबदार झाली होती. झाडाला टेकले आणि मला झोप लागली. खरंच सांगते, भर सकाळी, परक्या गावात, अनोळखी मुलाशेजारी. उठले तेव्हा पावणेअकरा वाजले होते, दोन तास, मधे एकदाही जाग नाही. तो मुलगा तिथेच बसून होता, फोनवर अभ्यासाच्या नोट्स वाचत. म्हणाला उठवलं नाही, कदंब पण झोपलेच होते. जास्तीचे पैसे द्यायला लागले तर घेईना.

दुसऱ्या दिवशी परत तिथेच जाऊन बसले. गप्पीदास नावाचा छोटा पक्षी वाळक्या काडीवर बसून टक टक करत होता, थापट्या बदकं एकमेकांमागे गोल गोल फिरत पाणी ढवळत होती. तीनच-चार नवी नावं शिकले, तेवढी पुरे आहेत.

घरी आल्यापासून सांगायचं तर रात्रीची जाग अजून येते, रोज नाही. तीनला आली तर नवऱ्याला हाक मारते, तो अर्धवट झोपेत "जागा आहे मी" म्हणतो आणि घोरायला लागतो, पण मला झोप लागते. करडा धोबी रोज सकाळी टाकीपाशी येतो. बाबांना दाखवला, तर ते आता माझ्याआधी गच्चीवर जाऊन बसतात, काल मला म्हणाले आज सात वीसला आला, उशीर झाला त्याला. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काढलेला हा पहिलाच विषय.

कदंब दादा, म्हणून तुम्हाला विचारायचं होतं. फेब्रुवारीत बाबांना भिगवणला न्यायचा विचार आहे. ७६ वय, गुडघे दुखतात, काठी असते. नावेत चढता येईल का त्यांना? आणि किती वेळ बसावं लागतं?

कदंब_७२

ताई, दोनदा वाचलं.

बाबांना जरूर आणा. पाणी ओसरल्यावर नाव बऱ्याचदा काठापासून थोडी आत उभी असते, चिखलातून चार पावलं जावं लागतं, त्यामुळे नावाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं म्हणजे तो पक्क्या काठाला लावतो आणि हात देऊन चढवतो. काठी बरोबर असू द्या, बसायला घडीची खुर्ची किंवा जाड उशी न्या, कारण फळीवर तास-दीड तास बसणं गुडघ्यांना कठीण. पहिली फेरी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत परत. मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या वारी जाणारच आहे, तारीख जुळली तर दोघं मिळून चढवू त्यांना.

खाडीकाठ

मोगराताई, मिस्टरांना वाचून दाखवलं तुमचं. ते विचारतायत पाणकोंबडी देठ कुठल्या पायात धरते, डाव्या की उजव्या?

मोगरा_पुणे

डाव्या! पाचही वेळा डाव्या. सांगा त्यांना.